पाच हजार आरपीएमपुढे दम सोडणारे इंजिन : कामाच्या नोंदी

१२ जुलै २०२५, कुर्टी, फोंडा

वास्कोला बायणा किनाऱ्यालगत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांची २००९ सालची सेडान आज कामाला घेतली. इंजिन पेट्रोलचे, १५९८ सीसीचे, चार सिलिंडर आणि सोळा व्हॉल्व्हचे असून त्याला हवा दाबून भरणारा टर्बो नाही. बाहेरच्या हवेच्या दाबावर जेवढी हवा सिलिंडरमध्ये शिरेल तेवढ्यावरच ते चालते, त्यामुळे पुढच्या सगळ्या तपासणीत हवेचा हिशोब आधी मांडावा लागणार आहे.

सरांची तक्रार त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवतो : "गावात गाडी अगदी छान चालते हो, पण हायवेवर ओव्हरटेक करायला गेलं की पाच हजारांच्या पुढे मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी होते." स्टार्टिंग व्यवस्थित आहे, आयडलिंग स्थिर आहे, चार हजार आरपीएमपर्यंत (इंजिनाच्या मिनिटाला चार हजार फेऱ्यांपर्यंत) ओढ चांगली आहे. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये त्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग) जाम झाल्याचे सांगून तो बदलण्याचा सल्ला मिळाला होता. अंदाज अगदीच चुकीच्या दिशेचा नाही, कारण जाम झालेला कन्व्हर्टर नेमकी हीच लक्षणे दाखवतो. मात्र हीच लक्षणे अडलेला एअर फिल्टर, व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा पण दात सरकलेला टायमिंग बेल्ट, ठिणगीची कमजोर कॉइल, आत जाणारी हवा मोजणारा पण घाण झालेला एअर-फ्लो सेन्सर आणि दमलेला पेट्रोल पंप हेही दाखवतात. एवढा महाग भाग केवळ लक्षणांवरून बदलणे मला पटत नाही. म्हणून सुरुवातीची मोजणी हाती येईपर्यंत एकही भाग हलवायचा नाही, असे सरांशी बोलून ठरवले.

थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडतो की नाही, हे पुतण्याला पेडल दाबायला लावून प्रत्यक्ष पाहिले. पावसाळ्यासाठी टाकलेले रबरी मॅट कधी कधी पेडलखाली अडकते, पण इथे तसे काही नव्हते. स्कॅनरवर पी ०१७१ हा मिश्रण विरळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असल्याचा कोड नोंदलेला होता, मात्र तो पक्का झालेला नव्हता आणि डॅशबोर्डवर दिवाही लागलेला नव्हता. लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे गाडीतल्या संगणकाने मूळ हिशोबात कायमची केलेली पेट्रोलची वाढ, आयडलला अधिक ७ टक्के आणि ताशी ६० किलोमीटरच्या संथ चालीला अधिक ८ टक्के होता.

हे दोन आकडे जवळजवळ सारखे आहेत, याला महत्त्व आहे. व्हॅक्युम पाइप फुटून न मोजलेली हवा आत येत असती तर आयडलचा आकडा बराच मोठा आणि चालीवरचा लहान दिसला असता. इथे संगणक सगळीकडे सारखेच जास्त पेट्रोल देतो आहे आणि त्याचे मुख्य कारण इंधनातच आहे, असे माझे मत आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, तर २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी आता आठेक टक्के जास्त इंधन द्यावे लागते. २००९ साली हे मिश्रण गृहीत धरून आपल्याकडे कोणी गाडीचे कॅलिब्रेशन केलेले नव्हते, त्यामुळे अधिक ७ किंवा ८ हा ट्रिम बिघाड म्हणून धरत नाही.

१३ जुलै

पहाटे पावसाने उघडीप दिल्यावर वेर्ण्याच्या पठारावरच्या सपाट आणि सरळ रस्त्यावर चाचणी घेतली. दुसऱ्या गिअरमध्ये ३००० आरपीएमपासून पेडल पूर्ण दाबून ६००० पर्यंत न्यायचे, असा क्रम ठेवला. या गिअरमध्ये ६००० ला वेग ताशी ८० च्या आसपास राहतो, त्यामुळे इंजिनाला पूर्ण भार मिळतो आणि ओल्या रस्त्यावर विनाकारण धोकाही पत्करावा लागत नाही. मी चालवत होतो आणि पुतण्या लॅपटॉपवर नोंद घेत होता. रस्त्याचा बारीक चढउतार आणि वारा यांचा परिणाम निघून जावा म्हणून दोन्ही दिशांनी धावून सरासरी घेतली.

३००० ते ६००० ला ५.८ सेकंद लागले. त्यातले २.५ सेकंद फक्त शेवटच्या हजारात गेले. ५२०० च्या आसपास ओढ स्पष्टपणे ढासळते. त्याच जागी इग्निशन अॅडव्हान्स (पिस्टन वर पोहोचण्याआधी किती अंश ठिणगी पडते तो आकडा) २७ अंशांवरून १८ वर येतो, म्हणजे नॉक सेन्सरला इंधन अवेळी पेटल्याचे ठोके ऐकू येत आहेत आणि संगणक ठिणगी मागे घेतो आहे.

परतल्यावर एअर फिल्टर काढला. घड्यांमध्ये तांबडी माती इतकी बसली होती की मूळ कागदाचा रंग दिसत नव्हता. उन्हाळाभर गाडी उसगाव-धारबांदोड्याच्या बाजूला नातेवाइकांकडे जात-येत असे. त्या तांबड्या धुळीच्या पट्ट्यात वापरल्या जाणाऱ्या गाड्यांचे फिल्टर किलोमीटर न पाहता उन्हाळा संपताच बदलावेत, असे मी सगळ्यांनाच सांगतो.

नवा फिल्टर घालून पुन्हा चाचणी घेतली. ६००० आरपीएमला एअर-फ्लो सेन्सरवरची हवा सेकंदाला ७२ ग्रॅमवरून ७६ ग्रॅमवर गेली. चार हजारांपर्यंतची ओढ किंचित सुधारली, परंतु पुढचा दोष गेला नाही. उलट ओढ आता ५२०० ऐवजी ५००० लाच ढासळू लागली. हवा वाढल्यावर दोष अलीकडे सरकला, ही आजची सर्वांत मोलाची नोंद आहे. इंजिन हवेवाचून अडत असते तर हवा वाढल्यावर दोष पुढे सरकला असता किंवा सौम्य झाला असता.

१९ जुलै

आज गाडीला हात न लावता कागदावर काम केले. विनाटर्बो इंजिनात जास्त फेऱ्यांवरची ताकद कमी झाली की सर्वांत आधी हा हिशोब मांडावा, कारण त्याला एक रुपयाही खर्च येत नाही आणि संशयितांची अर्धी यादी त्यातून एकदम मोकळी होते.

चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेइतकी हवा घेते. ६००० आरपीएमला मिनिटात ३००० वेळा १.५९८ लिटर म्हणजे ४७९४ लिटर, अर्थात सेकंदाला जवळपास ८० लिटर. चाचणीच्या वेळी आत जाणाऱ्या हवेचे तापमान ३४ अंश आणि बाहेरचा दाब १००.२ किलोपास्कल होता. या स्थितीत कोरड्या हवेचे वजन लिटरला १.१४ ग्रॅमच्या आसपास येते. जुलैमधल्या गोव्याच्या हवेत वाफच इतकी असते की तेवढ्याने ते १.१२ पर्यंत उतरते. वाफेमध्ये जाळायला ऑक्सिजन नसल्यामुळे पावसाळ्यात इथे कोणतेही विनाटर्बो इंजिन हिवाळ्याच्या मानाने थोडे जड चालणारच. ८० ला १.१२ ने गुणले की सेकंदाला साधारण ९० ग्रॅम हवा, ही शंभर टक्के भरतीची मर्यादा झाली. आपल्याला प्रत्यक्ष मिळाले ७६ ग्रॅम, म्हणजे ८५ टक्के. या जातीच्या सोळा व्हॉल्व्ह इंजिनाला कमाल ताकदीच्या जवळ ही भरती अगदी योग्य आहे.

आता या एका आकड्याचा अर्थ पाहू. कन्व्हर्टर जाम असता तर जळालेला वायू बाहेर पडू शकला नसता, सिलिंडरमध्ये नव्या हवेला जागा राहिली नसती आणि सेन्सरवर ५५ किंवा ६० ग्रॅम दिसले असते. टायमिंग बेल्ट एक दात सरकला असता, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या असत्या किंवा थ्रॉटल अपुरा उघडत असता, तरी आकडा असाच पडला असता. ७६ ग्रॅम हवा आत जाते आहे याचा अर्थ ती बाहेरही पडते आहे. त्यामुळे कन्व्हर्टर, टायमिंग, व्हॉल्व्ह आणि इनटेक हे चारही आज यादीतून कमी केले. सेन्सरच घाण झालेला असेल, ही शंकाही या आकड्याने मिटली, कारण मळलेला सेन्सर हवा बहुधा कमी सांगतो आणि इथे तर आकडा पुरेसा आहे.

त्यानंतर एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरची नोंद पाहिली. पूर्ण थ्रॉटलला मिश्रण मुद्दाम दाट ठेवलेले असते आणि या साध्या सेन्सरवर तेव्हा ०.८५ व्होल्टच्या आसपास दिसायला हवे. ४८०० पर्यंत ते तसेच दिसते. ५००० ला ०.६ होते आणि ५५०० च्या पुढे ०.१५ वर कोसळते, म्हणजे ऐन भारात मिश्रण विरळ झाले आहे. त्याच क्षणी इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी तोटी) उघडा राहण्याचा काळ मात्र कमी झालेला नाही. ६००० ला पूर्ण चक्राच्या २० मिलिसेकंदांपैकी १४ पेक्षा अधिक मिलिसेकंद इंजेक्टर उघडा आहे. संगणक पेट्रोल मागतो आहे, पण ते पोहोचत नाही.

२० जुलै

इंधनाकडे वळण्यापूर्वी ठिणगीची शंका फेडणे भाग होते. ठिणगी चुकली की न जळलेल्या हवेतला ऑक्सिजन सरळ एक्झॉस्टमध्ये जातो आणि सेन्सर त्यालाही विरळ मिश्रणच समजतो. या फसवणुकीमुळे लोक विनाकारण पंप बदलतात. चुकलेल्या ठिणग्या मोजणाऱ्या मिसफायर काउंटरवर पूर्ण भाराच्या धावेतही चारही सिलिंडरना शून्य होते. प्लगची फट १.१ मिलिमीटरवरून वाढून १.३ झाली होती, ती दुरुस्त केली. काही फरक पडला नाही. चारही प्लगच्या टोकांवरचे पोर्सिलेन मात्र नेहमीपेक्षा पांढरे दिसले आणि ते विरळ मिश्रणाशी जुळते.

२ ऑगस्ट

मधला आठवडा पाऊस इतका लागून राहिला की रस्त्यावर चाचणी घेणे शक्यच झाले नाही. त्या काळात इंधनाच्या रेलला (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीला) प्रेशर गेज जोडून घेतले. होज पेट्रोलसाठीचाच आणि दाब झेलणारा वापरला, दोन्ही टोकांना क्लॅम्प लावले आणि गेज काचेबाहेर वायपरखाली बांधला. दाबाखालचे पेट्रोल वाहून नेणारी नळी गाडीच्या आत कधीही घेऊ नये. अग्निशामक सिलिंडर पुतण्याच्या पायाशी होता.

या गाडीत पेट्रोल रेलवरून परत टाकीत जात नाही. दाब स्थिर ठेवणारा रेग्युलेटर आणि पेट्रोलचा फिल्टर दोन्ही टाकीतल्या पंपाच्या मॉड्यूलमध्ये आहेत आणि रेलवर नेहमी ३ बार दाब अपेक्षित आहे. उभ्या गाडीत आयडलला ३.० दिसले. तटस्थ गिअरमध्ये रेस करूनही ३.० च राहिले. गॅरेजमध्ये उभ्या उभ्या दाब मोजून पंप चांगला आहे असे जे सांगितले जाते, ते याच कारणाने अपुरे असते, कारण भार नसताना इंजिन पेट्रोल फारसे ओढत नाही. वेर्ण्याला दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिल्यावर काटा ४५०० पर्यंत जागचा हलला नाही, ५००० ला २.७ वर आला आणि ६००० ला २.२ वर टेकला.

हिशोबही जुळतो. इंजेक्टरमधून जाणारे पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. ३ चे २.२ झाले की पेट्रोल सुमारे १४ टक्क्यांनी घटते आणि मुद्दाम दाट ठेवलेले मिश्रण तेवढ्याने विरळ बाजूला झुकते. ०.१५ व्होल्ट, पांढरे पोर्सिलेन, नॉक आणि मागे घेतलेली ठिणगी, हे सगळे याच्यातूनच निघते. १३ जुलैच्या त्या नोंदीचाही उलगडा झाला : नव्या फिल्टरने हवा वाढवली, पेट्रोलचा पुरवठा होता तेवढाच राहिला, त्यामुळे तूट आधी जाणवू लागली.

३ ऑगस्ट

"मग काका, पंपच मागवूया ना?" असे पुतण्याने विचारले. पंपाला वीज पुरेशी मिळते की नाही हे न मोजता पंप बदलला, तर नवा पंपही त्याच उपासमारीत काम करत राहतो. म्हणून मागची सीट उचलून मॉड्यूलच्या कनेक्टरवर, इंजिन चालू ठेवून, मल्टिमीटर लावला.

बॅटरीवर १४.० व्होल्ट होते. पंपाच्या दोन टोकांमध्ये फक्त १०.७. उरलेले ३.३ व्होल्ट कुठे गेले हे शोधण्यासाठी दोन्ही बाजू वेगळ्या मोजल्या. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून पंपाच्या पॉझिटिव्हपर्यंत ०.४ व्होल्टची घट होती आणि रिले, फ्यूज, जोड धरून या वयाच्या गाडीत ती चालण्यासारखी आहे. पंपाच्या निगेटिव्हपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मात्र २.९ व्होल्ट! चांगल्या अर्थिंगवर (गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे जाणाऱ्या परतीच्या वाटेवर) इथे ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये.

वायरीच्या मागावर गेलो. ती सीटखालच्या आडव्या पट्टीवर एका बोल्टला अर्थ केलेली आहे आणि हा बोल्ट कार्पेटच्या फोमखाली झाकलेला असतो. फोम दाबला तर बोटांना पाणी लागले. बोल्ट हाताला कोमट लागत होता. पंप साधारण ५ अॅम्पिअर घेतो, त्याला २.९ व्होल्टने गुणले की १४ ते १५ वॅट त्या एका सांध्यावर उष्णता होऊन जात होते. बोल्ट उघडला तेव्हा रिंग टर्मिनलखाली हिरवट-पांढरी पूड निघाली, पत्र्याचा रंग फुगून सुटला होता आणि रिंगचा जेमतेम एक कोपरा धातूला टेकत होता. टर्मिनलपासून वायरीचे आवरण सोलत गेलो, तर आतले तांबे काळे पडलेले होते. चकचकीत तांबे मिळेपर्यंत आठ सेंटिमीटर वायर कापावी लागली.

व्होल्टेजची ही घट आयडललाही तेवढीच होती. फरक एवढाच की आयडलला इंजिनाची गरज पंपाच्या क्षमतेच्या तुलनेत नगण्य असल्यामुळे ती कुणाला जाणवत नव्हती.

पत्रा धातू दिसेपर्यंत घासला, नवे टिनचा मुलामा असलेले टर्मिनल क्रिम्प करून त्यावर हीट श्रिंक चढवले, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि सगळ्यावर व्हॅसलिनचा थर दिला. आता निगेटिव्ह बाजूची घट ०.०६ व्होल्ट आहे आणि पंपाला १३.५ व्होल्ट मिळतात.

९ ऑगस्ट

पाणी कुठून आले हे कळल्याशिवाय अर्थिंग टिकणार नाही. डाव्या मागच्या दारावर नळीने पाणी सोडून पाहिले. दाराच्या तळाशी असलेली निचऱ्याची भोके पाने आणि मातीने बुजली होती, त्यामुळे दारात साठलेले पाणी आतल्या पॅनेलवरून सीटखाली उतरत होते. बायण्यासारख्या ठिकाणी समुद्रावरचा खारा वारा सतत येतो आणि मीठ बसलेल्या सांध्यावर असे पाणी आले की वायरिंग गंजायला वेळ लागत नाही. भोके मोकळी केली, दाराच्या आतला निसटलेला प्लास्टिकचा पडदा नव्याने चिकटवला, कार्पेट काढून वाळवले.

पंपाचा पुरवठाही मोजून ठेवला. बॅटरी चार्जरवर १३.८ व्होल्टला धरून, गेजपुढे लहान झडप लावून आणि दाब ३ बारला ठेवून अर्ध्या मिनिटात किती पेट्रोल येते ते मापात घेतले. तुलनेसाठी अर्थिंगच्या वाटेत तेवढाच अडथळा मुद्दाम घालून जुनी स्थितीही उभी केली. जुन्या स्थितीत २१५ मिलिलिटर आले, नव्या अर्थिंगवर ३९० आले. ७६ ग्रॅम हवेला दाट मिश्रणासाठी तासाला साधारण ३१ लिटर पेट्रोल लागते, म्हणजे अर्ध्या मिनिटाला २५८ मिलिलिटर. तूट किती होती ते यावरून स्पष्ट दिसते.

३९० पुरेसे असले तरी मॉड्यूल बाहेर काढले, कारण पंपाच्या तोंडाची जाळी पाहायचीच होती. ती तपकिरी गाळाने अर्धी भरली होती. जाळी आणि फिल्टर बदलल्यावर ५६० मिलिलिटर आले. जुना पंप तोच ठेवला. तो धडधाकट आहे आणि बदलण्याचे काहीही कारण सापडलेले नाही.

१७ ऑगस्ट

वेर्ण्याला त्याच रस्त्यावर, टाकीत तेवढेच पेट्रोल ठेवून, दोन्ही दिशांनी पुन्हा चाचणी घेतली. रेलचा दाब ६००० ला ३.० च्या खाली उतरला नाही. ऑक्सिजन सेन्सर शेवटपर्यंत ०.८६ व्होल्टवर राहिला, अॅडव्हान्स २७ अंशांवरून हलला नाही. ३००० ते ६००० ला ५.१ सेकंद लागले आणि शेवटच्या हजाराला १.८. वाचलेला वेळ जवळजवळ सगळा त्या शेवटच्या हजारातला आहे. ट्रिम अधिक ७ वरच आहे आणि तो तसाच राहील, कारण तो इंधनाच्या मिश्रणाचा आहे.

सर चतुर्थीनंतर चोर्ला घाटातून बेळगावला जाणार आहेत. घाटमाथ्यावर, सुमारे ८०० मीटर उंचीवर, हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा नऊ टक्क्यांच्या आसपास कमी असतो आणि विनाटर्बो इंजिनाची ताकद तेवढीच उतरते, तेव्हा तिथे गाडी थोडी जड वाटली तर तो दोष समजू नका, असे त्यांना सांगितले. पाऊस संपल्यावर सीटखालचा फोम हाताने दाबून पाहायचा आणि त्या बोल्टवरची घट पुन्हा मोजायची. ती ०.१ व्होल्टच्या वर गेलेली आढळली, तर अर्थिंग पट्टीवरून काढून सीट बेल्टच्या खांबाजवळच्या कोरड्या जागी न्यायचे आहे. ही सूचना गाडीच्या सर्व्हिस वहीत लिहून दिली.